थोरला सिनेमा आणि पाचवं ताट

नामपूरहून देवळाली कॅम्पला जाण्याला आमच्याकडे कोणी प्रवास म्हणत नाही. सकाळची एसटी धरली की माणूस दुपारी नाशकात असतो. तरी हे लिहितोय, कारण मी निघालो होतो एका पोस्टकार्डाला गप्प करायला, आणि परतलो तो स्वतःच्याच पुस्तकातली बारा पानं काढून टाकून.

आधी पुस्तकाचं सांगतो. मी बागलाणातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. माझ्याआधी कोणी दहावीही ओलांडली नव्हती. हे मी छाती काढून सांगतो, त्यात लाजायचं काय. जुन्या हॉलिवूडमधले हेरकथांचे सिनेमे हा माझ्या आवडीचा आणि अभ्यासाचा विषय. त्यावर बरेच लेख लिहिले, आणि त्यांचं पुस्तक नाशिकच्या एका प्रकाशकाकडे तयार होत आलं होतं. सोमवारी पानं छापखान्यात जायची होती.

त्यातलं एक प्रकरण एकाच रहस्यकथेवर निघालेल्या तीन सिनेमांचं होतं. पहिला बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा, दुसरा त्यानंतर थोड्याच वर्षांनी, आणि तिसरा जो जगभर गाजला तो. नावं अवघड आणि बरीचशी सारखी, म्हणून मी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणतो. गोष्ट साधी आहे. एका श्रीमंत जवाहिऱ्याचा त्याच्याच घरात खून होतो. घरात माणसं मोजकी. सगळ्यांचा संशय पुतण्यावर. शेवटी हेर शोधून काढतो की खून घर सांभाळणाऱ्या बाईनं केला. शेवट सांगून टाकला म्हणून रागावू नका, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

धाकट्याचं मी भरभरून कौतुक केलं होतं. मधल्याला पोरकट म्हटलं होतं. थोरल्याबद्दल लिहिलं होतं, "लाकडी. नट खांबासारखे उभे राहून बोलतात. आज त्याला काही किंमत नाही." हे प्रकरण आधी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आलं. पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड फिरत फिरत कॉलेजात पोचलं. अक्षर मोठं, शाळकरी.

"सर, तुमच्या लेखातला पहिला सिनेमा तुम्ही पाहिलेला दिसत नाही. माझ्याकडे आहे. येऊन पाहावा. मालनबाई, देवळाली कॅम्प." खाली फोन नंबर.

खरं सांगायचं तर मी तो पाहिला नव्हता. कुठेच मिळत नव्हता. पुण्यात एका लायब्ररीत दोन जाड इंग्रजी पुस्तकं मिळाली, दोन्हींत त्याला लाकडी म्हटलं होतं, आणि मी ते मराठीत आणलं. इंग्रजीत, पुठ्ठ्याच्या बांधणीत छापलेलं चुकीचं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. ज्यांच्या घरात आजोबांपासून पुस्तकं असतात ती माणसं पुस्तकाशी भांडतात. आम्ही पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतो.

वडिलांना पोस्टकार्ड वाचून दाखवलं. ते मार्केटला न्यायच्या कांद्याची ट्रॉली भरून घेत होते. आमच्या घरी अहिराणी बोलतात.

"तू देखा का तो पिच्चर?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण त्यावर वाचलंय."

"व्यापारी बी कांदा फोडीसन देखस, मंग बोली लावस. तू फोडाबिगरच भाव सांगा?"

मी म्हटलं, त्या बाईंना सिनेमातलं काय कळतंय ते बघूनच येतो. फोन केला, पिशवी भरली आणि निघालो.

शुक्रवार, नाशिक

देवळ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांदा साठवायच्या चाळी, पुढे पिंपळगावकडे द्राक्षांचे मांडव. आषाढ चालू होता, मांडवांवर नुसती पानं. नाशकात आधी प्रकाशकांकडे गेलो. वसंतराव त्यांचं नाव. मधुमेहामुळे चहा बिनसाखरेचा, जीभ त्याहून बिनसाखरेची.

"सोमवारी पानं जाणार," ते म्हणाले. "आता स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही."

मी पोस्टकार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"अशी पत्रं येतच असतात. मी एकदा पंचांग काढलं होतं. त्यातली अमावस्या चुकली म्हणून येवल्याच्या एकानं मला कार्ड टाकलं होतं."

"मग?"

"मग काय, चुकलीच होती." त्यांनी कार्ड परत दिलं. "चहा घ्या."

मुक्काम मित्राच्या खोलीवर. संध्याकाळी त्याच्या कॉम्प्युटरवर मधला सिनेमा पुन्हा लावला. त्यात घर सांभाळणारी बाई विनोदी आहे. एका प्रसंगात ती चिनी मातीच्या ताटांची चळत घेऊन येते, मोजते, पुन्हा मोजते, आणि सगळी खाली पाडते. मागचं पुढचं काही नाही. वहीत लिहिलं, "पोरकट. मत कायम."

शनिवार, देवळाली कॅम्प

आमच्या नामपुरात झाडाला कोणी रंग देत नाही. इथे प्रत्येक झाडाच्या बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे, जसा काही झाडांनाही गणवेश. बाजारात पत्र्याच्या ट्रंका, बुटांचं पॉलिश, वर्दी शिवणारे शिंपी. एका बेकरीत खारी घेतली आणि पत्ता विचारत बाजाराच्या मागच्या गल्लीत गेलो.

मालनबाई सत्तरीच्या पुढच्या, काटक. दारात उभ्या राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का ते लाकडी?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्यांचं सगळं अर्ध्या तासात कळलं. नवऱ्याचा फिरता सिनेमा होता. लष्करी सामानाच्या लिलावात त्यांनी एक छोटं मशीन उचललं, त्याच्याबरोबर कोणाला नको असलेले इंग्रजी सिनेमाचे चार डबे आले. भात निघाला की इगतपुरीकडच्या गावांत जत्रा लागायच्या, तिथे हे दोघं पडदा लावायचे.

"ते तिकिटं फाडायचे आणि मशीन मी चालवायची," मालनबाई म्हणाल्या. "त्यांना फोकस दिसायचा नाही आणि चष्मा लावायची लाज."

"पण इंग्रजी सिनेमा? तिथे इंग्रजी कोणाला कळत होतं?"

"मलाही कळत नाही. म्हणून तर बघायला होतं. तुम्ही लोक ऐकत बसता."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. बाईमाणूस काहीतरी बोलतं, असं मनात म्हटलं. लिहायला लाज वाटते, पण म्हटलं होतं.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीवर गोधडी टांगलेली, समोर चुना दिलेली भिंत. डबा उघडला तसा आंबट वास आला. जुनी फिल्म अशीच आंबते, आणि एकदा आंबायला लागली की थांबत नाही. मालनबाईंनी फिल्म बोटांनी चाचपत मशीनमध्ये ओवली आणि टकटक सुरू झाली.

पहिलं रीळ वीसेक मिनिटांचं. त्यातला मोठा भाग एकाच दिवाणखान्यात. कॅमेरा जागचा हलत नाही. चार माणसं पुढे उभी राहून पुतण्याच्या लग्नावरून वाद घालतात. मालक वर झोपलाय असं समजतं. मी प्रत्येक वाक्य टिपून घेत होतो. आवाज खरखरीत होता, तरी एक शब्द सुटला नाही याचा मला अभिमान वाटत होता. मधेच धडाम् आवाज झाला आणि माझ्या हातातलं पेन उडालं.

"तोफा," मालनबाई मान न वळवता म्हणाल्या. "सराव चालतो. रोजचंच आहे."

रीळ संपलं. त्यांनी दिवा लावला.

"हं, बोला. कुठं कळलं?"

"काय?"

मग त्यांनी त्यांची रीत सांगितली. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलायला दोन-तीन मिनिटं जायची. तेवढ्यात लोक उठून जाऊ नयेत म्हणून त्या माईकवरून विचारायच्या, यात मालकाचा खून आहे, बोला, कोण? पडद्यासमोर बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. दोन्ही अंगांनी ओरडून नाव सांगायचं.

"बायका पहिल्या रिळालाच सांगायच्या," त्या म्हणाल्या. "पुरुष शेवटपर्यंत पुतण्याला धरून. तुम्हाला कोण ते आधीच माहीत आहे. म्हणून तुम्हाला विचारते, कुठं कळलं?"

"अहो, अजून खून झालेलाच कोणाला माहीत नाही. यात कळण्यासारखं आहे काय?"

"तेच विचारतेय," त्या म्हणाल्या आणि दुसरं रीळ चढवलं.

दुसरं झालं, तिसरं झालं. प्रत्येक वेळी दिवा लागायचा, त्या माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवायचो. तिसऱ्यानंतर म्हटलं, किल्लीच्या बाबतीत ती बाई खोटं बोलते आणि हेर पकडतो, तिथे कळतं.

"ते त्याला कळलं. तुम्हाला कुठं कळलं?"

नववीच्या वर्गात बाकावर उभं केल्यासारखं वाटलं. तरी एक गोष्ट मनात टोचायला लागली होती. माणसं उभी राहून बोलतात हे खरं, पण लाकडी नाहीत. धाकट्यातला हेर सगळ्यांच्या पुढे पळतो, त्याची जीभ कात्रीसारखी. थोरल्यातला हेर थकलेला, पोट सुटलेला माणूस आहे. तो दुसऱ्याचं बोलणं पुरतं होऊ देतो आणि मग श्वास घेतो. आमच्याकडे भावकीच्या वाटण्या करायला असाच माणूस बोलावतात.

चौथं रीळ चढवलं, दोन मिनिटं झाली, आणि फट् करून अंधार.

"गेला बल्ब," मालनबाई म्हणाल्या. "इथला शेवटचा. आता एकच आहे, इगतपुरीला एकनाथकडे. माझा भाऊ. उद्या येता का?"

मी म्हटलं, चारातली तीन रिळं पाहिली, मत द्यायला पुरेत.

"एका अंगानं भाजलेली भाकर वाढता का तुमच्याकडे?"

मी दुसऱ्या दिवशीची गाडी विचारली.

रविवार, इगतपुरी

मशीन मी उचललं होतं, डबे त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मांडीवर घेतले होते. घोटीच्या पुढे बाहेर नुसतं पाणी. आमच्या बागलाणात असा आठवडा पाऊस पडला तर चाळीतला कांदा सडून जाईल. इथे लोक गुडघाभर चिखलात उभे राहून भाताला बघून हसतात.

एकनाथमामा रेल्वेतून निवृत्त झालेले. घर गावाबाहेरच्या वाडीत. त्यांनी भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेला बल्ब बाहेर काढला.

"हवाच अशी हाय," ते म्हणाले. "भातात ठेवला तरच टिकतो."

जेवायला तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण. मला खेकडा फोडता येईना. आमच्याकडे बाजरी, मिरचीचा ठेचा, फार तर मटण. खेकड्याशी ओळखच नाही. एकनाथमामांची बायको हौसाबाई माझी झटापट बघत होत्या.

"सर, इंग्रजी येतं आन् खेकडा नाय येत?"

सगळे हसले. मीही हसलो, पण नांगी हातातून निसटून दाराबाहेर गेली ती गेलीच.

सिनेमा आहे म्हटल्यावर वाडीतल्या दहाबारा बायका आणि पाचसहा बाप्ये जमले. मी मालनबाईंना म्हटलं, फक्त चौथं रीळ लावा, मला पाचची गाडी गाठायचीय.

"गोष्ट कोणी शेंड्याकडून सांगतं का?" हौसाबाई म्हणाल्या. "आमाला पयल्यापासून पायजे."

मालनबाईंनी हातातला बल्ब सगळ्यांना दाखवला. "एकच आहे. पहिल्यापासून लावला आणि मधी गेला, तर सरांचा शेवट राहिला. उद्या त्यांचं पुस्तक छापायला जायचंय, त्यात या सिनेमाला नावं ठेवलीत. सरांनीच सांगावं."

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. माझं गणित सरळ होतं. शेवटचं रीळ पाहिलं की मी पूर्ण सिनेमा पाहिला असं म्हणू शकत होतो, आणि छापलेलं आहे तसं राहिलं असतं. पण नांगीवरून एकदा हसू झालंच होतं. लावा पहिल्यापासून, म्हटलं. तोंड वाकडं करून म्हटलं.

आणि मालनबाई मशीनशेजारी बसून बोलायला लागल्या. जत्रेत बोलायच्या तसं, पात्रांच्या वतीनं, खणखणीत आवाजात. पुतण्या म्हणतो, मी त्याच मुलीशी लगीन करणार. चुलतबहीण म्हणते, काकाला कळलं तर घराबाहेर काढील. इंग्रजी पार बुडून गेलं. मला एक वाक्य ऐकू येईना. चिडलो. पण टिपायला काही उरलं नाही म्हटल्यावर करायचं काय, नुसता बघत बसलो.

दिवाणखान्याच्या अगदी मागे एक कपाट आहे. काल मी ते पाहिलंच नव्हतं. घर सांभाळणारी बाई तिथे जेवणाचं टेबल मांडतेय. तिच्यावर उजेड नाही, कॅमेरा तिच्याकडे जात नाही, पुढे चौघं तावातावानं बोलतायत. ती कपाटातून ताटं काढते. एक, दोन, तीन, चार, पाच. चार मांडते. पाचवं हातात धरून क्षणभर थांबते आणि परत कपाटात ठेवते.

बायकांच्या अंगाला कुजबूज झाली. रीळ संपलं, दिवा लागला.

"बोला, कोण?"

"ती ताटावाली," हौसाबाई म्हणाल्या.

"कशावरनं?" एकनाथमामा म्हणाले. "पुतण्या हाय. डोळे बघ की त्याचे."

"मालक वर झोपलाय म्हणत्यात ना? मंग त्याचं ताट कपाटात कशाला गेलं? तो जेवाया येनार नाय हे हिला कुनी सांगितलं?"

"उपास असंल त्याचा."

"तुमचा असतो तसा? खाटेवर पडून केळी खायाचा?"

वाडी हसत सुटली. मी हसलो नाही. त्या दोन इंग्रजी पुस्तकांनी ज्या सिनेमाला लाकडी म्हटलं, त्यातला कॅमेरा मुद्दाम स्थिर होता. तो हलला असता तर ताटं दिसलीच नसती. धाकट्यात कॅमेरा या तोंडावरून त्या तोंडावर पळतो, खोलीला मागची बाजूच राहत नाही. म्हणून शेवटी त्या बाईचं नाव येतं तेव्हा आपण दचकतो, आणि मी त्या दचकण्याला चांगली तीन पानं कौतुक दिलं होतं. पण तिच्याकडे आपल्याला कोणी बघूच दिलेलं नसतं, मग दचकण्यात काय विशेष. थोरला सगळं समोर मांडून ठेवतो. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

मधलाही तेव्हाच कळला. ताटं मोजते, पुन्हा मोजते, पाडते. ती थोरल्याची थट्टा होती, लहान भावानं मोठ्याची नक्कल करावी तशी. थोरला पाहिलेल्या लोकांसाठी केलेली. मी थोरला पाहिलाच नव्हता, मग मला ती पोरकटच वाटणार.

बल्ब टिकला. चौथ्या रिळात हेर त्या बाईला टेबलाशी बसवतो, कपाटातून पाचवं ताट काढतो, तिच्यासमोर ठेवतो आणि गप्प बसतो. मालनबाईही तिथे गप्प बसल्या. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

पाचची गाडी गेली होती. पुढच्या गाडीची वाट बघताना मी स्टेशनवर मालनबाईंना म्हटलं, "मी न बघता लिहिलं होतं."

"ते माहीत होतं," त्या म्हणाल्या. "बघितलेला माणूस ताटाबद्दल लिहिल्याशिवाय राहिला नसता. चिडून मी कार्ड टाकलं नाही हो. फिल्म आंबतेय. दोनचार वर्षांत चिकटून जाईल. मग तुमच्या पुस्तकातलंच खरं ठरलं असतं."

सोमवार, नाशिक

दुकान उघडायच्या आधी मी वसंतरावांच्या पायरीवर बसलो होतो. सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"दोन शब्द बदलू," ते म्हणाले. "लाकडी काढा, संथ घाला. भागलं."

"नाही भागत. सगळं प्रकरण नव्यानं लिहितो. न बघता लिहिलं होतं, हेही त्यात लिहितो."

"सर, तुमचं पहिलं पुस्तक आहे. त्यात लेखकच म्हणतो मी न बघता लिहिलं. मग बाकीच्या प्रकरणांवर कोण विश्वास ठेवील? कॉलेजातले लोक काय म्हणतील?"

काय म्हणतील ते मला पाठ होतं. शेतकऱ्याचं पोर, इंग्रजीवर मिरवायला गेलं आणि तोंडावर पडलं. रात्रभर मी तेच ऐकत होतो. मी म्हटलं, "वडिलांना काय सांगू? कांदा फोडला, आतून चांगला निघाला, तरी खराबच्या भावानं लिहून आलो?"

वसंतरावांनी छापखान्यात फोन करून उद्याचा दिवस मागून घेतला. मी त्यांच्याच टेबलावर संध्याकाळपर्यंत बारा पानं लिहिली. पहिलं वाक्य असं, "हा सिनेमा मी पाहिला नव्हता, तरी त्याला लाकडी म्हटलं होतं." त्यांनी सगळी पानं वाचली, चहा थंड होऊ दिला.

"त्या अमावस्येच्या कार्डाला मी उत्तर टाकलं नव्हतं," ते म्हणाले आणि पानं पाकिटात घातली.

महिन्याभरानं पुस्तक घरी आलं. वडिलांनी ते हातात घेऊन वजन बघितलं आणि देवाजवळ ठेवलं. आईला वाचता येत नाही. आजवर मी तिला एकाही सिनेमाची गोष्ट सांगितली नव्हती, तिला त्यातलं काय कळणार म्हणून. त्या दिवशी ती ओसरीत मेथी निवडत होती, मी शेजारी बसून ते प्रकरण मोठ्यानं वाचायला लागलो. चौघं भांडतात, मालक वर झोपलाय, मागे ती बाई पाच ताटं काढते, चार मांडते.

"तिनीच मारं," आई म्हणाली.

मला ते अपेक्षितच होतं. पुढे वाचणार, तेवढ्यात तिनं हात वर केला.

"पन पाच काढात कशाले? तिले तर मालूम व्हतं."

"चुकून काढली असतील."

"चुकीसन नही. रोज त्याले वाढे ना ती. मारं तिनी, पन हात इसरना नही."

आणि ती मेथी निवडायला लागली. मी पुढचं पान उलटलं, सगळी बारा पानं चाळली. तिनं मारलं तरी रोज वाढणारा हात विसरला नाही, हे त्यात कुठेच नव्हतं. पुस्तक छापून झालं होतं, म्हणून इथे लिहिलं.